खोलीसकट

पडद्यावर तीन पट्ट्या आहेत:
जवळचा माइक, मधला, लांबचा.

जवळचा पूर्ण उघडला की चौघंही
माझ्या लोकमान्यनगरच्या दहा बाय अकरात येऊन बसतात,
गुडघ्याला गुडघा लावून.
गजाला राळ जास्त झालीय ते कळतं.
चेलोवाला खर्जाआधी नाकातून श्वास घेतो,
दर वेळी तोच,
कुठल्याशा थंड गावी एका सकाळी घेतलेला.
मी तो दीडशे वेळा वापरलाय. पैसे भरून.

लांबचा उघडला की माणसं पुसट होतात
आणि लाकडी जमीन येते, उंच छत,
कोट अडकवलेल्या खुर्च्या,
ज्या मी कधी पाहिल्या नाहीत.
स्वर मागवावा तर एकटा येत नाही.
नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी
तशी त्याची खोली येते, आणि परत जायचं नाव काढत नाही.

शर्वरी पागे म्हणाली, "छान आहे रे, पण काय करून राहिलास?
आपलं नाटक सियागंजातल्या गोदामात घडतं."
म्हटलं, मग किती लांब ठेवू?
"पाठीवर पोतं असलेल्या हमालाला
मान न वळवता ऐकू यावं, इतकं."

म्हणून रविवारी रात्री
धण्याची अर्धी पोती उचलली गेलेल्या गोदामात
आम्ही एक फुगा फोडला. लाल, वाढदिवसाचा.
टाचणीच्या टोकावर अख्खी खोली मावते:
आवाज भिंतींपर्यंत जातो, परत येतो,
तेवढं येणं जपून ठेवायचं,
मग काहीही त्यातून गाळून घ्यावं.
पोती होती तिथून तो परतलाच नाही.
नव्हती तिथून पत्र्याला घासून आला, थोडा गंजून.
आणि त्याच्या शेपटीला, दीड सेकंदावर,
खाटेवरून दचकून उठलेला चौकीदार भगीरथ:
"कुण हे?"

कापायला हवं होतं. उशीर झालेला, राहून गेलं.

घरी येऊन चौघांना त्या गोदामात नेऊन बसवलं.
जवळची पट्टी शून्यावर, मधलीही.
पहिल्या व्हायोलिनला एकच स्वर दिला.
स्वर गेला, पत्र्याला लागला, धण्यात बुडाला,
आणि दीड सेकंदानं
व्हायोलिनच्याच गळ्यातून:
कुण हे?
दुसरं व्हायोलिन, किंचित वर: कुण हे?
व्हिओला सर्दी झाल्यासारखा.
चेलो, आधी तो श्वास घेऊन,
तळातून.

मी हेडफोन काढला. पंखा चालू होता.
पुन्हा घातला.

शर्वरीला पाठवलेल्या फाइलीत ते नाही,
दीड सेकंदाच्या अलीकडेच नीट कापलंय.
ती म्हणाली, आता कसं सियागंज वाटतं.

भगीरथला आम्ही त्या रात्री उत्तर दिलं होतं,
"आम्हीच, नाटकवाले. झोपा तुम्ही."
ते कुठंच रेकॉर्ड झालेलं नाही.
माइक तोवर बंद केला होता.