झोपेची वही

नर्सचं नाव आयला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबलं.
डंडीत कुणाला सांगणार,
आमच्याकडे ठेच लागली की तोंडून हेच निघतं.

ती म्हणाली, दुखणी दोन आहेत, मिस्टर खानविलकर,
एकमेकांच्या आड लपलेली.
एक झोप येऊ देत नाही,
दुसरं आलेल्या झोपेचा गळा धरतं,
तासाला एकतीस वेळा.
मी गोळी मागितली.
तिनं मान हलवली: घसा आधीच सैल आहे तुमचा.

मिळालं काय, तर एक यंत्र, एक नळी, एक वही.
आणि रात्री एकच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही,
सहानंतर लोळायचं नाही,
वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठायचं,
घड्याळ बघायचं नाही.
मग वीस मिनिटं झाली हे कळायचं कसं?
अंदाजानं, म्हणाली आयला.

अकरा ते एक हे तास कुणाचेच नसतात.
मी मसाल्याचे डबे पुसले.
मोज्यांचे जोड लावले, एक एकटाच उरला.
टे नदीच्या पुलावरून शेवटची गाडी
रिकामे दिवे घेऊन गेली.
जूनमध्ये इथं चारलाच फटफटतं,
आणि छपरावर सीगल भांडतात
वाटणीला बसलेल्या भावांसारखे.

अकराव्या रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला.
कुंदा. पुढ्यात गार झालेलं दूध.
तुला काय झालं?
ती म्हणाली,
तुझं घोरणं थांबलं की मी जागी व्हायचे.
श्वास परत येईस्तोवर आकडे मोजायचे.
एकोणतीस वर्षं.
एकदा सत्तावीसपर्यंत गेले होते.
आता तर रात्रभर थांबलेलंच असतं.

मग ती पलीकडच्या खोलीतली उशी घेऊन आली.
मी मास्क चढवला, सोंड लावली.
नळीवर हात ठेव, म्हटलं, वारा जातोय बघ.
ठेवला. थोड्या वेळानं
बोटं सैल पडली तिची, पण सुटली नाहीत.

माझी वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती, अंदाजानं.
नियमाप्रमाणे उठायला हवं होतं.
उठलो नाही.

सकाळी वहीत,
किती वेळा जाग आली, त्या रकान्यात
लिहिलं: दोनदा.
आणि बारीक अक्षरात खाली:
तिला एकदाही नाही.