पंधरा लिटर

सुभान तडवीने भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं,
टरबूज घेताना वाजवतात तसं,
आणि म्हणाला, ही चार इंची आहे ताई,
कॅलेंडर लावायच्या कामाची.
पाणी भरलं की बावीस-तेवीस किलो. नाही पेलायचं हिला.

म्हणून दाराच्या डोक्यावरची नऊ इंची.
पेन्सिलीच्या दोन फुल्या. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा
मधोमध येईतो आम्ही कुणी बोललो नाही.
मग ड्रिल.
विटेची लाल भुकटी
परवाच बसवलेल्या पांढऱ्या टाइल्सवर, माझ्या मानेवर,
झाकायला विसरलेल्या चहात.

पहिलं भोक नीट पडलं.
दुसऱ्यात ड्रिल एकदम आत,
मुठीपर्यंत,
आणि भोकातून काळं काहीतरी गळायला लागलं.
काजळी.
बंबाचं धुराडं इथून बाहेर जायचं कधीकाळी;
गॅस आला त्या वर्षी
गोणपाट कोंबून वरून सिमेंट फिरवलेलं.

मामंजी दारातच उभे होते.
त्यांना ठाऊक होतं.
इचारलं का कोनी मले? म्हणाले.
एक वीत डावीकडे घ्या. तिथली वीट मी लावेल हे.

एकतीस वर्षं लोको शेडमध्ये,
इंजिनाच्या पोटात शिरून क्षार खरवडलेले हात.
भुसावळच्या पाण्याला ते अजून शिव्या देतात
घरातल्याच माणसाला द्याव्यात तशा.

डावीकडची वीट खरंच पक्की निघाली.
फास्टनर बसले, पाना फिरला, नट करकरला,
सुभानने खांद्यावरून पांढरं धूड उचलून अडकवलं
आणि दोन्ही हात सोडून मागे सरकला.
आम्ही सगळेच सरकलो.

याचा सेफ्टी वॉल कुठाय?
सुभानने दाखवला. सुपारीएवढा, पितळी.
मामंजींनी चष्मा वर करून पाहिला, पुन्हा खाली करून पाहिला.
एवढा?
बाबा, हे काही इंजिन नाही, हे नुसतं पाणी तापवतं.
सगळे आधी पाणीच तापवतात, म्हणाले,
आणि खुर्ची ओढून
पहिला लाल दिवा विझेपर्यंत तिथेच बसले.

परसात पऱ्हाट्यांचा ढीग तसाच आहे.
त्यात मांजर व्यायली म्हणून हलवता येत नाही.

सकाळी पाहते तर गिझरच्या पोटावर खडूने,
तिरक्या, ठाम अक्षरात,
बसवल्याची तारीख, आणि खाली:
वॉश-आउट, मे.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले म्हणून
आधी पुरेसं बोलून घेतलं.
मग विचारलं, मेमध्ये भुसावळात
टाकीतलंच पाणी अंग भाजतं, मामंजी,
तेव्हा याला हात कोण लावतं?

म्हणूनच, म्हणाले.
बॉयलर गार असला की मगच आत शिरायचं असतं.