दुसरी वेलांटी

तापकीर गल्लीतून रिक्षानं आणला नवा सीपीयू,
दळणाच्या डब्यासारखा मांडीवर धरून,
खड्डा आला की पोटाशी दाबत.
निसार तांबोळी म्हणाला होता,
"ताई, आत काही नाही हं अजून.
विंडोज टाकून देऊ? पाचशेत."
पाचशेत म्हणजे कुठलं, ते मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
"विचार करते," म्हटलं.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी जुळवल्या मी
नारायण पेठेतल्या दहा बाय दहात:
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल,
निवृत्त अभियंत्याचं आत्मचरित्र, तीनशे बारा पानं,
त्यातली नव्वद धरणाच्या पायावर.
सगळं त्या जुन्या फॉन्टात,
जो फक्त जुन्या मशीनला कळतो.
दुसरीकडे उघडलं तर
चि. सौ. कां. च्या जागी डॉलर,
नवरीच्या जागी टक्क्याचं चिन्ह.

वरच्या मजल्यावरचे ओगले म्हणाले, "ॲपल घ्या.
एकदाच घ्या. आम्ही घेतलं."
किंमत सांगताना त्यांनी चष्मा पुसला.

भाचीचं म्हणणं, लिनक्स.
"फुकट आहे?"
"मोकळं आहे. फुकट वेगळं, मोकळं वेगळं."
एवढा फरक करणारी माणसं आमच्या घरात फार नाहीत.
"गुरुवारी नको," मी म्हटलं, "लाइट जाते."
म्हणून शुक्रवारी आली ऋजुता, वारज्याहून,
पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात.

पडद्यावर भाषांची यादी.
खाली, आणखी खाली, नेपाळीच्या शेजारी
मराठी.
मी बोट ठेवलं.
मशीन बोलायला लागलं,
तलाठी कार्यालयातल्या अर्जासारखं:
स्थापनेचा प्रकार निवडा.
(स्थापना म्हटल्यावर मला चौरंगच दिसणार.)
विभाजन करावे काय?
नको बाबा. ते भावांनी केलंय,
त्या भिंतीला अजून ओल येते.

आणि मग:
संपूर्ण डिस्क पुसा आणी पुढे जा.

ऋजुताचं बोट एंटरवर.
"थांब."
"मावशी, कोरीच आहे डिस्क. काही जाणार नाहीये."
"आणी."
"काय आणी?"
"दुसरी वेलांटी दिलीय. पहिली हवी."

ती हसली. मी नाही.
ही एवढी वेलांटी किती वेळा वळवली तांबड्या शाईनं,
शुभेच्छांमधून, शाळांच्या स्मरणिकांमधून,
एकदा माझ्याच घटस्फोटाच्या मसुद्यातून.
वकील म्हणाले होते, मॅडम, यानं काही फरक पडत नाही.

"विंडोजमध्ये असती ही चूक तर?"
"कळवायचं. वाट बघायची."
"आणि यात?"
"यात तूच दुरुस्त कर. पाठव.
कुणीतरी तपासेल, पटलं तर घेईल,
पुढच्या आवृत्तीत बदलून येईल."

आवृत्ती.
छापखान्याबाहेर हा शब्द
इतक्या सहज कुणी उच्चारला नव्हता माझ्यासमोर.

"सगळ्यांच्याच मशीनवर बदलेल?"
"जे मराठी निवडतील त्यांच्या."
"किती असतील?"
तिनं जरा हिशेब केला.
"तुला धरून?"

एंटर मीच दाबलं.
पट्टी भरत होती मुंगीच्या पावलानं.
तेवढ्यात पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं:
पडदा पाचवा, ओळ दुसरी,
आणी ऐवजी आणि.
सवयीनं समासात सही केली, तारीख घातली.
ऋजुता म्हणाली, सही लागत नाही.
राहू दे, म्हटलं.

जुनं मशीन टेबलाखाली सरकवलंय,
वायर न काढता.
परवा शनिपाराशी अभियंते भेटले,
काठी बदललीय, आवाज तोच.
दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात,
धरणाचं प्रकरण वाढवून.
"आहे ना सगळं तुमच्याकडे?"
आहे, म्हटलं.
टेबलाखाली.