आठवी ब आणि चोवीस रुमाल

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी
मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
चोवीस पांढरे रुमाल वाटले, एकेकाला एक,
म्हटलं, घराबाहेर टांगा.
सात दिवस. धुवायचा नाही, झटकायचा नाही.
मग तुम्हीच सांगा मला,
उलानबातरच्या या टेकडीवर
आपण श्वासातून काय काय गिळतो.

"मार्क किती?" ओदगेरेलनं विचारलं.
माहीत नाही, म्हटलं.
बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच
मी हे दोन शब्द वर्गात मोठ्यानं बोलले.

मागच्या बाकावरचा तोमोरखुयाग
वर्षभर खिडकीशीच बोलायचा.
प्रगतिपुस्तकात त्याच्यासाठी माझं एकच वाक्य:
लक्ष देत नाही.
कशाकडे, हे लिहायला त्या रकान्यात जागा नसते.

तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला.
बाई, रुमाल सगळे एकाच उंचीवर पाहिजेत,
नाहीतर हिशेब खोटा.
पहाटे थंड हवा टेकडीवरून उतरते,
धूर खाली नाल्याकाठी धरतो,
दुधावर साय धरते तसा.
तुला रे कसं माहीत?
चार वाजता बाबांबरोबर कोळशाच्या गोण्या पोचवतो,
म्हणून माहीत.

मग काठ्या आल्या, दोऱ्या आल्या,
जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून नकाशा आला,
त्यावर प्रत्येकाच्या गेरचं एकेक गोल बटण.
त्रैराशिक न बोलावता आलं
आणि कोपऱ्यात बसून राहिलं.
काळं म्हणजे किती काळं?
या एका प्रश्नावर दोन दिवस भांडणं.
शेवटी ओदगेरेलनं मैद्यात काजळी कालवून
दहा पायऱ्यांची पट्टी रंगवली,
शून्य म्हणजे नुसता मैदा.

एक रुमाल कुत्र्यानं पळवला.
एक कुणाच्या आईनं धुऊन, इस्त्री करून पाठवला,
शाळेत मळका कसा द्यायचा म्हणून.
हेडमास्तर दारात डोकावले:
दुलामसुरेन बाई, धडा कुठवर आलाय?
उतारावर, सर, मी म्हटलं. नाल्यापर्यंत पोचतोय.

सोमवारी टेबलावर एकवीस रुमाल.
तोमोरखुयाग गैरहजर.
मंगळवारी गैरहजर.
नकाशात बरोबर मधोमध
त्याचं बटण तेवढं कोरं,
आणि सगळ्यांची बोटं फिरून फिरून तिथंच.
माझंही पोट खड्ड्यात गेलं:
मी मुलाला शिकवायला निघाले,
की त्याच्या बापाची साक्ष काढायला?

बुधवारी तो आला, खिशात घडी घालून.
उघडली. पट्टीची दहावी पायरी
तिच्याशेजारी फिकी दिसली.
अंगणातच गोण्या असतात आमच्या, तो म्हणाला.
बाबा विचारत होते, तुझ्या बाईंना
माझ्या धंद्याचं काय करायचंय?

मी तोंड उघडलं. मिटलं.
त्यानं स्वतःच टाचणी घेतली,
नकाशावर रुमाल टोचला,
आणि अकरा असा आकडा लिहिला,
जो आमच्या पट्टीवर नव्हताच.
मग वर्गाकडे वळला:
बाबांनी कोळसा नाही विकायचा, तर काय विकायचं?
हे मोजता येतं का?

कुणीच हसलं नाही.
ओदगेरेलनं वहीचं नवं पान काढलं.

आता डिसेंबर. उणे एकतीस.
फळ्यावर त्यांच्याच अक्षरात
गोणीचा भाव, विटेचा भाव, विजेचं बिल,
नमद्याचा आणखी एक थर चढवला तर
एका रात्रीत किती कोळसा वाचतो.
उत्तर अजून जुळत नाही,
सारखे दोन गेर गारठून उरतात.
त्याचे बाबा एकदा दाराशी आले, टोपी हातात,
नमद्याचा भाव चुकलाय म्हणाले,
दुरुस्त करून गेले. आत बसले नाहीत.

तोमोरखुयाग अजूनही मागच्याच बाकावर,
अजूनही खिडकीकडेच तोंड.
पट्टी काचेला लावून, एक डोळा मिटून
मध्येच, न विचारता, सांगतो:
बाई, आज सात.