खळं

नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीच्या पंचवीस तारखेलाच परततो.
त्या दिवशी सगळं इसाफ्योर्दुर
पातळ पॅनकेक घालतं, कॉफी उकळतं.
मधल्या दोन महिन्यांत
माझ्या दुकानातले टीव्ही खपतात.

हाल्बेरा आली, बुटांवरचा बर्फ दारातच झटकून.
हातात कागद, शिवणाच्या टेपने घेतलेली मापं:
सोफा ते भिंत, तीन मीटर दहा.

मी नेहमीचं सुरू केलं.
ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा,
विझला की विझला, काळं म्हणजे काळंच.
मिनी-एलईडीत पडद्यामागे हजारो बारके दिवे,
गटागटाने पेटणारे,
उजेड दांडगा, पण काळ्यात थोडा पाझरतो.
ओलेडवर मला कमिशन जास्त.
हे सांगितलं नाही.

"अंधार करा," ती म्हणाली.
मी दिवे मालवले, शटर अर्ध्यावर ओढलं,
दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य लावलं.
रात्रीचा समुद्र. एक कंदील.

ओलेडवर कंदील सुईने टोचल्यासारखा
आणि भोवती काही नाही.
इतकं काही नाही, की मीच पाऊलभर मागे सरलो.
मिनी-एलईडीवर कंदिलाला खळं,
हिमवादळाआधी चंद्राला पडतं तसं.

"हा दोष," मी म्हणालो.

ती बघत राहिली.
"दोष कसला? एकतीस वर्षं केटिलची बोट
धुक्यातून आत येताना अशीच दिसली.
आधी खळं. मग दिवा. मग बोट.
आणि हे,"
ओलेडकडे नुसती हनुवटी करून,
"असला अंधार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
डिसेंबरातही आला नाही.
सूर्य नसतो, तरी दुपारी बर्फ निळा दिसतो.
कुठल्या उजेडात, ते तुम्ही सांगा."

मला ते सांगता येईना. मी जूनबद्दल बोललो:
पश्चिमेची खिडकी, रात्री अकराचा उजेड
थेट पडद्यावर, तिथे मिनी-एलईडीच बरा.
कमिशन गेलं.
मग म्हणालो, जुना आणून द्या,
वीस हजार क्रोना सूट.

जुना ओलेड होता. नऊ वर्षांचा.
"मुलगी म्हणते, जळलाय.
डावीकडे वरती चौकोन उमटलाय,
हँडबॉलच्या गुणफलकाचा.
केटिल रोज लावायचा,
निकाल पाठ असलेले सामनेसुद्धा.
आता पडद्यावर काही राखाडी आलं,
ढग, रस्ता, बातम्या देणाऱ्याचा कोट,
की चौकोन वर येतो."

कागदाची घडी घालत तिने विचारलं,
"नव्यावर असं उमटेल?"

"मुळीच नाही," मी छाती फुगवली,
"याच्या लक्षात काहीच राहत नाही."

बोलून गेलो.
शटरखालून वारा आत येत होता.
ती म्हणाली, "हाच द्या. सूट नको."

शनिवारी मी आणि ओर्वार
दोन जिने चढून खोकं वर नेलं.
नवा भिंतीवर लागला, तिने ओझरतं पाहिलं,
"छान," म्हणाली, आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं.
जुना कपड्यांच्या कपाटावर ठेवायचा होता.
वायर पुरेना. गाडीतून जोडवायर आणली,
बिलात धरली नाही.

चालू केला. चॅनेल कुठलाच नाही,
नुसतं राखाडी, फ्योर्डवरच्या आभाळासारखं,
आणि डावीकडे वरती तो फिकट चौकोन,
नऊ वर्षांचे आकडे एकावर एक साचून
एकही न वाचता येणारा.

ओर्वार नाक टेकेपर्यंत वाकला.
"अठ्ठावीस-सव्वीस?"

कॉफीची किटली हातात धरून ती दारात उभी.
"छे," म्हणाली,
"तो सामना आपण हरलो होतो."