अकरा नंबरचा माग

मागांच्या खडखडाटात कान काही कामाचे नसतात.
एकवीस वर्षं मी ओठ वाचत आलो.
इरय्याचा वरचा ओठ मिशीखाली अर्धा झाकलेला,
तरी कळायचं : चहा, की तंबाखू,
की धाकट्या मालकांची गाडी फाटकात आली.
तेलुगूत हसायचा, मराठीत चिडायचा,
शिवी मात्र दोन्ही भाषांची मिळून एकच.

आषाढात मालकांनी मला स्टूल दिलं,
रजिस्टर दिलं, खिशाला निळं पेन.
सुपरवायझर मल्लेशम गाजूल.
आईनं विड्यांच्या सुपातनं हात काढून
माझ्या कानशिलांवर बोटं मोडली.
दुसऱ्या दिवशी खात्यात शिरलो
तर सगळे ओठ भिंतीकडे वळलेले.

एवढंच. भांडलं कुणीच नाही.
“हो साहेब.” “झालं साहेब.”
अक्कलकोट रोडच्या टपरीवर
माझा चहा वेगळा आला, बशीसकट.

दिवाळीत मी भाषणही केलं, पेढे वाटताना.
आपण सगळे एक कुटुंब, असं काहीतरी.
शंकरम्मा कांड्या भरता भरता म्हणाली,
आणि हे तिनं ऐकू जाईल असंच म्हटलं,
“कुटुंबात कपात कोण लावतं रे?”

फेब्रुवारीत टॉवेलांच्या एका गठ्ठ्यावर डाग निघाले.
माग अकरा. मी इरय्याच्या नावापुढे लिहिलं :
सहाशे चाळीस.
त्यानं सही केली. वर बघितलं नाही.

चार दिवसांनी आमच्याकडे पाणी आलं, रात्री दीडला.
घागरीखाली घागर लावताना आठवलं,
इरय्या जेवायला गेला होता तेव्हा
अकरा नंबरला तेल सोडलं ते मीच,
आणि घाईत, पुसलेल्या नपुसलेल्या हातानं
कापड सरळ केलं, तेही मीच.
घागर भरून वाहत राहिली.
पाचव्या दिवसाचं पाणी! बायको ओरडली ते बरोबरच होतं.

सकाळी मेन स्विच खाली ओढला.
चोवीस माग थांबले.
त्या शांततेत ओठांवर भागणार नव्हतं,
आवाज लागणार होता, आणि माझा चिरकला :
“डाग माझ्या हाताचे. इरय्याचे पैसे माझ्या पगारातून.
रजिस्टरात खोडलंय. खोडलेलं दिसतंय. बघून घ्या.”

कुणी काही बोललं नाही.
पगाराला इरय्यानं पैसे मोजून घेतले,
पुन्हा एकदा मोजले. माझ्यासमोर.
मालकांनी विचारलं, माग चार मिनिटं बंद का होते.

त्यानंतर रजिस्टर कांडीवाल्यांच्या टेबलावर,
उघडं, पेन सुतळीनं बांधलेलं.
दारावर खडूनं पाण्याचे वार :
दाजी पेठ, नीलम नगर, विडी घरकुल.
ज्याच्या नळाला पहाटे पाणी, तो नऊला येईल,
संध्याकाळी भरून देईल.
“ही काय धर्मशाळा आहे?” मालक म्हणाले.
उत्तर मला जिन्यात सुचलं.
तोवर ते गाडीत बसले होते.

रुक्साना दोनदा उशिरा आली, पाणी नसतानाही.
मी विचारलं. तिनं खोटं सांगितलं.
तिसऱ्यांदा खरं सांगितलं.
ते इथं लिहीत नाही.

आता एप्रिल. पत्रा असा तापलाय
की डब्यातली शेंगाचटणी तेल सोडते.
दुपारी दोनच्या सुमारास
अकरा नंबरवरून इरय्यानं मान वळवली,
भिंतीकडे नाही.
मिशीखाली ओठ हलले :
पिकरचा पट्टा आज जाणार. सकाळपासून आवाज वेगळाय.
नुसता स्टुलावर काय बसलायस,

आणि शेवटी ती, दोन्ही भाषांची मिळून एक.

नऊ महिन्यांनी.
मी पाना शोधायला धावलो.