एक प्रौढ, एक बालक

संकेश्वराच्या अलीकडे, हायवेला लागून,
सिमेंटचा देवमासा सात वर्षं तोंड उघडून बसलाय.
तिकीट फाडून त्याच्या जबड्यातून आत जायचं असतं.
मी कधी गेलो नव्हतो.
माझा टेम्पो लागतो मागच्या गेटाला, शेपटीकडून.
दर महिन्याला मिठाची पन्नास पोती,
उतरवायला मी आणि भरमा.

जानेवारी. शाळांच्या सहली होऊन गेल्या,
मे महिना अजून लांब.
पार्किंगात ट्रॉलीतून सांडलेली उसाची चार कांडकी,
वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास.
फलकावर वर कन्नड, खाली मराठी,
उन्हानं दोन्ही सारखीच उडालेली.

पुजेरी मॅनेजर म्हणाला, "बिलाचं फेब्रुवारीत बघू की ओ,
गल्ल्यात आज काय नाही.
सीझन माणसांना असतोय, माशांना कुठला?
मीठ काय बंद करता येत नाही."
आणि पुस्तकातली दोन तिकिटं फाडून दिली.
एक प्रौढ, एक बालक.

भरमा एकसष्ट वर्षांचा. माझ्या खांद्याला लागतो.
जबड्याजवळ उंची मोजायची पट्टी रंगवलीय.
तो गुडघे वाकवून
रेघेच्या खाली उभा राहिला, हात बांधून, शाळेतल्यासारखा.
बघायला गेटावर कोणीच नव्हतं.

काचेचा बोगदा. निम्मे दिवे घालवलेले.
एक मोठा मासा, नावाची पाटी गळून पडलेला,
आमच्याबरोबर चालत आला.
आम्ही थांबलो की थांबायचा.
भरमानं डोक्याचा टॉवेल काढून काखेत धरला.
पलीकडच्या काळोखातून कोणीतरी विचारलं, "यार री?"
भरमा म्हणाला, "नम्म मंदी."
पुढं कोणी काही विचारलं नाही.

"हे पाणी कुठलं ओ?"
हिरण्यकेशीचं. टँकरनं येतं.
आंबोलीत जन्मते ती,
जिथून आभाळ निवळलं की समुद्राची रेघ दिसते म्हणतात,
आणि जन्मल्या जन्मल्या पाठ फिरवून
उगवतीला निघते,
शेजारचं घर टाकून लांबच्या पाहुण्यांकडं निघाल्यासारखी.
तिला इथं अडवून
आम्ही पोत्यापोत्यानं समुद्र करतो.
हे सगळं मी बोललो नाही. बोगद्यात आवाज फार घुमतो.
"टँकरचं," एवढंच म्हणालो.

जलपरीचा शो तीनला. दहा माणसं जमली तर.
आम्ही दोघं, त्यातलं एक अर्धं.

जलपरी कँटीनमागं भांडी घासत होती.
दोरीवर तिचं शेपूट वाळत घातलेलं, चार चिमट्यांनी धरून,
टिकल्या बऱ्याच गळालेल्या.
सुगंधा नाव. यमकनमर्डीची.
"पोहायला कुठं शिकलासा?"
"विहिरीत. पाठीला डबा बांधून."
"आणि समुद्र?"
"गोव्याला निघालोतो एकदा. पोराला गोवर आला."
चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली,
"शो नाही, पण बुधवारी काच पुसायची असतीया. बसा की."

मग ती टाकीत उतरली,
नवऱ्याच्या फुल शर्टात, केस फडक्यात बांधून,
हातात स्पंज.
शेवाळाच्या हिरव्यात आधी तळवा उमटला,
मग कोपर,
मग फुगवलेले गाल.
दोनशे खुर्च्यांत आम्ही दोघं. टाळी वाजवावी का, कळेना.

तिनं आतून खूण केली: बाहेरून तुम्ही पुसा.
भरमा उठला, टॉवेलानं काच पुसायला लागला.
सकाळपासून त्या टॉवेलावर पन्नास पोती वाहिलेली.
काचेवर पांढरा पट्टा उठला.
ती आतून तो पट्टा घासत राहिली,
वर जाऊन श्वास घेऊन आली, परत घासला,
जाईना.
भरमा बाहेरून जोर लावतोय, पट्टा रुंद होतोय.
मग तिला कळलं.
पाण्यात हसता येत नाही म्हणतात.
तिच्या तोंडातून एवढे बुडबुडे निघाले
की थोडा वेळ
आम्हाला ती दिसलीच नाही.

बिल अजून थकलेलंच आहे.
बालकाचं तिकीट भरमानं
तंबाखूच्या डबीत घडी करून ठेवलंय.